ध्वनिमुद्रिकेपासून गुरूच्या दारापर्यंत

२४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात पं. भीमसेन जोशी यांचे निधन झाले. त्यांच्या मैफलींत रात्री जागवलेल्या ज्येष्ठ रसिकांचा शोक स्वाभाविकच होता. परंतु त्या दिवशी अनेक तरुणांचेही डोळे पाणावले. त्यांतील कित्येकांनी पंडितजींना समोर बसून कधी ऐकले नव्हते. घरातील ध्वनिफितीवरची ‘संतवाणी’ एवढीच त्यांची ओळख. ज्याला पाहिले नाही, त्याच्यासाठी हा शोक कसला, असा प्रश्न कोणी विचारील.

त्याचे उत्तर पंडितजींच्याच चरित्रात आहे. गदगच्या एका शिक्षकाचा हा मुलगाही आरंभी तबकडीचाच चाहता होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी त्याने ऐकली आणि तसे गाता यावे या ध्यासाने १९३३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी घर सोडले. गुरूच्या शोधात तो ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकला. जालंधरला पं. विनायकराव पटवर्धनांनी त्याला सुचविले की, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व तर तुझ्या घराजवळच, कुंदगोळला आहेत! १९३६ मध्ये तेथे तालीम सुरू झाली. पुढच्याच वर्षी खाँसाहेब निवर्तले. पण त्यांची विद्या शिष्याच्या घरी नांदत होती. तेथे पाणी भरून, सेवा करून भीमसेनांनी ती आत्मसात केली.

तेव्हा ध्वनिमुद्रिकेतून जडलेली भक्ती खोटी नसते. प्रश्न एवढाच की, ती पुढे कोठे नेते? १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले, तेव्हाही पंडितजी शोकात थांबले नाहीत. १९५३ पासून पुण्यात गुरूच्या नावाने महोत्सव उभा राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कलावंतांना व्यासपीठ मिळाले. आज त्याच महोत्सवाच्या नावात पंडितजींचेही नाव जोडले गेले आहे.

‘आपण उशिरा जन्मलो’ ही खंत आजचा तरुणही व्यक्त करतो. परंतु त्याच्याच गावातील एखाद्या छोट्या सभागृहात कोणी साधक मोजक्या श्रोत्यांसमोर गात असतो, आणि पुढच्या रांगा रिकाम्या असतात. ध्वनिमुद्रण स्वर जपते. परंपरा मात्र शिकणाऱ्याच्या गळ्यात आणि ऐकणाऱ्याच्या कानांतच जगते. पंडितजींना खरी श्रद्धांजली वाहायची असेल, तर तबकडी ऐकून उठावे आणि घराजवळचे कुंदगोळ शोधावे.