चिलटाचा पंख आणि अळीचे जेवण



उन्हाळ्यात केळी जास्त पिकली की किचनमध्ये चिलटे जमतात. मुलांनो, तुम्ही त्यांना फ्रूट फ्लाय म्हणता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत थॉमस हंट मॉर्गन साहेब हीच चिलटे दुधाच्या बाटल्यांत केळी घालून पाळीत. १९१० साली त्यांना लाल डोळेवाल्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचे चिलट सापडले. त्यावरून आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात ते उलगडत गेले. १९३३ साली त्यांना नोबेल मिळाले.

पण सगळेच काही आईबापांकडून येत नाही बरं का! अंड्यातून आधी अळी निघते. ती चार-पाच दिवस नुसती खात सुटते, मग कोष करते. पंखाची कळी अळीच्या अंगातच असते. कोषातून बाहेर पडलेले चिलट मग कितीही खावो, पंख तसूभर वाढत नाही. अळीला खाणे कमी पडले तर चिलट लहान आणि पंखही लहान. खाण्यात यीस्ट किती, साखर किती, यानेही पंखाचे माप बदलते, घडणीतही थोडा फरक पडतो.

त्याच कोलंबियात, त्याच सुमारास, फ्रान्झ बोआस यांनी माणसे मोजली. ते स्वतः जर्मनीहून आलेले यहुदी. परदेशाहून आलेले लोक आणि त्यांची मुले मिळून सुमारे १८ हजार जणांची मापे घेतली. इथे जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांपेक्षा थोडी निराळी निघाली. फरक किती, यावर विद्वान पुढे २००२-०३ सालीही भांडले. पण शरीर नुसत्या रक्ताने घडत नाही, हे लोकांना विचारात घ्यावे लागले.

आपल्याकडे म्हणतात, "आमच्या घराण्यात सगळे बारीकच." आम्ही नर्सिंगमध्ये उभी हयात काढली, हे वाक्य किती आयांच्या तोंडून ऐकले! घराण्याचा बांधा असतोच, नाही कोण म्हणतो? पण मुलाचे वजन महिनोन्‌महिने वाढत नसेल तर घराण्यावर घालून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. माणूस काही चिलट नव्हे. पुढे चांगले खाणे मिळाले तर बरीच कसर भरून निघते, पण पहिली दोन वर्षे फार मोलाची.

तेव्हा आजी-आजोबांनो, नातवंडांना लाडाने सोडा-चिप्स देऊ नका. मऊ डाळभात, अंडे, काटे काढलेली मासळी भरवा. आणि केळी झाकून ठेवा!