अळिंबीच्या डब्यावर एचआयव्हीचं नाव नको

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था (नॅको), भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन यांच्या अधिकाऱ्यांस,



मी धिंगरी अळिंबी पिकवतो, वाळवतो, विकतो. माल खपावा असं मला वाटतंच. तरीही हे पत्र त्याच मालाच्या एका जाहिरातीविरुद्ध आहे. हल्ली एखादं गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी आवाज खाली आणून विचारतं, ‘ही एचआयव्हीवर चालते ना?’ आणि मोबाइलवर आलेला मजकूर पुढे करतं. त्यात हाँगकाँगच्या संशोधनाचा दाखला असतो. पंचाईत अशी, की तो खोटा नसतो.

हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठात वांग, एनजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 सालापासून शिताके, एनोकी, धिंगरी अशा खाण्याच्या अळिंब्यांतून प्रथिनं वेगळी केली. एचआयव्ही ज्या विकराच्या बळावर स्वतःची प्रत काढतो, त्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला ती अडवतात. पण कुठे? परीक्षानळीत, जिथे विकर उघडा असतो; ना पेशीचं आवरण, ना रक्त, ना यकृत. तेच प्रथिन भाजीतून पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. शिताकेतलं लेंटिनान जपानमध्ये जठराच्या कर्करोगात पूरक औषध म्हणून वापरलं गेलं, तेसुद्धा शिरेतून. 1990च्या दशकात अमेरिकेत एचआयव्हीबाधितांवर त्याच्या छोट्या चाचण्या झाल्या. त्यातून मान्यताप्राप्त औषध निघालं नाही.

माझ्या धिंगरीचीही परीक्षा झाली आहे. तिच्यात लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं द्रव्य नैसर्गिकरीत्या असतं. म्हणून कॅलिफोर्नियात एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) घेणाऱ्या, कोलेस्टेरॉल वाढलेल्या लोकांना आठ आठवडे रोज 15 ग्रॅम सुकी धिंगरी दिली. 2011 साली निष्कर्ष छापून आला: कोलेस्टेरॉल उतरलं नाही. हा निष्कर्ष मात्र कुणी मोबाइलवर पाठवत नाही.

निसर्गातून औषध मिळत नाही असं मी म्हणत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात 1950च्या आसपास वेगळीच न्यूक्लिओसाइडं (जनुकद्रव्याच्या घटकांसारखे रेणू) सापडली. तशा रेणूंच्या शोधातून 1964 साली एझेडटी प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1987 साली एचआयव्हीवरचं पहिलं औषध ठरलं. मधल्या काळात स्पंज दळून कुणी डब्यात भरला नाही, एवढंच.

आता प्रशासनाला सांगतो. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये, ज्या रोगांवर इलाजाचा दावा करता येत नाही त्यांच्या यादीत पहिलंच नाव एड्सचं आहे. पण अळिंबीची भुकटी विकली जाते अन्नपूरक म्हणून. डब्यावर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापून विक्रेता मोकळा होतो आणि उरलेलं सगळं फोनवर सांगतो. तपासणी डब्यापाशी थांबू नये; ती त्या फोनपर्यंत आणि मजकुरापर्यंत जावी.

नॅकोकडे मागणं लहान आहे. एप्रिल 2004 पासून सरकार एआरटी मोफत देतं. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती सोडली तर काही आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा वाढतो, आणि अधूनमधून घेतली तर औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. म्हणून प्रत्येक एआरटी केंद्रात समुपदेशकाने ‘याशिवाय काय घेता?’ हे न रागावता विचारावं. रागावलं की माणूस डबा लपवतो. सोबत मराठीत एक पानभर कागद द्यावा: अळिंबी शिजवून खुशाल खा, भुकटी किंवा अर्क घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, गोळी चुकवू नका.

आणि संशोधन परिषदेला: पुणेकर अजून ‘नारी’ म्हणतात ती आपली एड्स संशोधन संस्था पुण्याजवळ भोसरीत आहे. अखिल भारतीय अळिंबी प्रकल्पाचं केंद्र पुण्यातच, कृषी महाविद्यालयात आहे. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या आपल्याकडच्या अळिंब्यांचे अर्क जिवंत पेशींतल्या विषाणूवर तपासायला आणि पुढे जनावरांवरच्या चाचण्यांपर्यंत न्यायला या दोघांना मिळून निधी द्या. काही हाती लागलं नाही, तर तेही छापा. त्या अहवालाची मराठी प्रत मी दुकानात भावफलकाशेजारी लावीन.

आपला,
एक अळिंबी उत्पादक