लेकरांसाठी आलू-हरभऱ्याच्या टिक्क्या



मागच्या फेब्रुवारीत सोनपेठ तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. हरभऱ्याची रास झाली होती आणि अंगणातून कट्टे टेम्पोत चढत होते. दारात त्या घरचा सात-आठ वर्षांचा मुलगा दहा रुपयांची चकचकीत पुडी फोडून खात बसला होता. घरधन्याला विचारले, "घरात किती ठेवला?" ते म्हणाले, "डाळीपुरता, साहेब. बाकी मोंढ्यावर. मागच्या साली तर तेवढाही उरला नाही, बेसन दुकानातूनच आणलं."

त्या पुडीवर वजन छापलेले असते. एकदा वाचा आणि तेवढ्या पैशात मोंढ्याच्या भावाने हरभरा किती आला असता, याचा हिशेब घरीच करा. कोरड्या हरभऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. आलूत (पुस्तकातला बटाटा, आपल्या तोंडी आलूच) ती जेमतेम दीड-दोन ग्रॅम. आलूने पोट भरते, पण अंग धरायला डाळ-हरभरा लागतो. पोरे दिवसभर भाकरी-पोळी खातात. धान्यातल्या प्रथिनात जे उणे असते ते हरभरा भरून काढतो. पण नुसत्या घुगऱ्या पुढे केल्या की हल्लीची पोरे नाक मुरडतात. म्हणून आज टिक्क्या सांगतो.

तसे मी त्या घरच्या वहिनींनाही सांगितले. त्या लगेच उठल्या आणि फळीवरची पिशवी काढून म्हणाल्या, "पेरून उरलेला हा किलोभर आहे, हाच भिजवते." दाण्यांवर गुलाबी रंग होता. मी पिशवी हातातून घेतली. मायबहिणींनो, हे नीट ऐका. पिशवीतल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते धुऊन, भिजवून, शिजवून खाण्याजोगे होत नाही. कोंबड्या-जनावरांनाही घालू नका. घरच्या बियाण्याला थायरम किंवा कार्बेन्डाझिम लावले असेल तर त्यालाही हेच लागू. रंग दिसत नसला तरी उरलेले बियाणे खायच्या धान्याजवळ ठेवू नका; वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या डब्यात, पोरांचा हात पोचणार नाही असे ठेवा. राहत्या घरातल्या कोठीत विषारी वायूच्या गोळ्या ठेवायचा प्रकारही अजून दिसतो. त्या वायूने झोपेतच माणसे दगावतात. खायचा हरभरा कडक उन्हात वाळवावा, किलोला चमचाभर गोडेतेल चोळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.

आता टिक्क्या. एक वाटी हरभरा रात्री भिजत घाला. बदनापूरचा आकाश असो की राहुरीचा विजय, कोणताही चालतो. काबुली लवकर शिजतो एवढेच. सकाळी कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या. दाणा बोटात सहज चिरडला पाहिजे. सोडा घालू नका, त्याने जीवनसत्त्वे जातात. शिजलेले पाणी आमटीला ठेवा आणि हरभरा चाळणीत निथळून पाणी न घालता जाडसर वाटा. चार मध्यम आलू सालासकट उकडा, पूर्ण गार होऊ द्या, मग सोलून कुस्करा. आमच्या घरी पहिल्या खेपेला घाईने गरम आलूच मळले आणि तव्यावर सगळ्या टिक्क्या फुटल्या. सौभाग्यवतींनी ते दोन दिवस ऐकवले! ओल जास्त वाटली तर फुटाण्याच्या डाळ्यांचे तीन-चार चमचे पीठ घाला. ते पाणी शोषून घेते आणि कच्चेही लागत नाही.

आलू हिरवट पडलेला किंवा मोड फुटलेला नको; हिरव्या भागात विषारी द्रव्य असते. शीतगृहातून नुकताच आलेला आलू गोडसर असतो आणि तव्यावर लवकर काळा पडतो. तो दोन-तीन आठवडे घरात, अंधारात, मोकळ्या हवेत पसरून ठेवला की सुधारतो.

आले, लसूण, जिरे, दोनच हिरव्या मिरच्या, हळद, मीठ आणि मूठभर कोथिंबीर घालून सगळे मळा. चपट्या टिक्क्या थापा, साधारण पंधरा होतात. तव्यावर चमचा-चमचा तेल सोडून मध्यम आचेवर भाजा. खालची बाजू लाल झाल्याशिवाय उलथणे लावू नका. वाढताना वर लिंबू पिळा. ते चवीला तर आहेच, शिवाय हरभऱ्यातले लोह अंगी लागायला मदत करते.

दोन-अडीच वर्षांच्या लेकराला अख्खा हरभरा कधी देऊ नये, घशात अडकतो. त्याच्यासाठी हरभरा अगदी बारीक वाटा, मिरची वगळा आणि टिक्की कुस्करून भरवा. शाळेच्या डब्यात द्यायच्या असतील तर आधी पूर्ण गार करा. गरम भरल्या की डब्यात वाफ धरते आणि त्या आंबतात. उन्हाळ्यात सकाळचे सारण रात्रीपर्यंत ठेवू नका. उरले तर दुपारीच गोळे करून उकळत्या आमटीत सोडा. त्यातही डाळ्यांचे पीठ जरा जास्त घाला, नाहीतर ते विरघळतात.