दिवाळीचे ताट

२०२५ च्या भाऊबीजेला मी इंदुरात होतो. आत्याकडे जेवणे आटोपली, पानसुपारीचे तबक फिरले आणि एका वयोवृद्ध काकांनी मला हटकले, "काय रे मास्तर, तिकडे सयामात दिवाळीबिवाळी करता की नाही?" (सयामचे नाव बदलून थायलंड झाले ते १९३९ साली, पण आमच्या काकांचा भूगोल त्याहून जुना आहे.) मी म्हटले, "करतो की." त्यावर काकांनी अशी काही मान हलविली की, सुनेने केलेली बिघडलेली चकली तोंडदेखली वाखाणावी लागत आहे. "करत असशील बाबा. पण ती कसली दिवाळी! ना उटणं, ना कारीट, ना चार माणसं घरची." तेवढ्यात आतेभावाने माहिती पुरविली की, बँकॉकला आता पाहुरात भागात मोठी रोषणाई होते, हॉटेलांतून समारंभ होतात, तिकीट काढले की फराळ, गाणे, सर्व काही. तेव्हा सण करावयाचाच तर मास्तरांनी तिकडे जावे.

वादात पडण्याचा तो प्रसंग नव्हता. मी सुपारी चघळीत राहिलो. पण काकांची कीव आणि भावाचा उपाय या दोन्हींत मला एकच चूक दिसते, आणि ती दाखविण्यापुरती ही जागा मागून घेतली आहे.

पहिली गोष्ट, आपण इंदूरकरांनी तरी परमुलखातील दिवाळीला हसू नये. होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले, त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. या काळात आपल्या अंगणात रांगोळीशेजारी गेरूखडूचे माळवी मांडणे आले, चिवड्यात रतलामी शेव पडली, आणि पुण्याच्या पाहुण्याने त्यावर नाक मुरडले तर आपल्यालाच राग येऊ लागला. म्हणजे आपली दिवाळी ही मुळातच परक्या गावी जाऊन तेथली झालेली दिवाळी आहे. बडोद्याच्या व ग्वाल्हेरच्या वाचकांनाही हे वेगळे सांगावयास नको.

मी शिकवितो ते गाव ईशान्य थायलंडात, उबोन राचथानी प्रांतात, मून नदीच्या काठी आहे. या सबंध भागाला इसान म्हणतात. बोली लाओला जवळची, रोजचे अन्न चिकट तांदूळ. रात्री भिजत घालावयाचा, पहाटे बांबूच्या टोपलीत वाफवायचा, आणि क्रतिप नावाच्या झाकणाच्या करंडीत भरून दिवसभर हाताने मुटके करून खावयाचा. मला मुले 'ख्रू' म्हणतात. हा आपला 'गुरू'च. जूनच्या सुमारास गुरुवंदनेचा दिवस असतो, त्या दिवशी मुले तबकात वांग्याचे फूल, लाह्या आणि हरळीची जुडी घेऊन येतात. पहिल्या वर्षी ती हरळी हातात आली तेव्हा मी घटकाभर काही बोललो नाही. घरी ती आपण गणपतीला वाहतो.

पंचांगाचीही तीच गत. त्यांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बसतो आणि आश्विनी पौर्णिमेला उठतो. २०२३ साली आपल्याकडे श्रावण अधिक होता, तर त्यांच्याकडे आठवा महिना दोनदा आला आणि शब्दही तोच, 'अधिकमास'. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला त्यांचे लॉय क्रथोंग असते. केळीच्या खुंटाची चकती, भोवती पाने मुडपून केलेल्या पाकळ्या, मध्ये मेणबत्ती व उदबत्त्या, वर एक नाणे, असा तराफा नदीत सोडून 'मे खोंगखा'ची, म्हणजे गंगामाईची, वर्षभर पाणी वापरले व मळविले त्याबद्दल क्षमा मागतात. महेश्वरच्या घाटावर नर्मदेत द्रोणातले दिवे सोडलेल्या माणसाला हे परके वाटावे कसे? मात्र यावरून 'हे सर्व आपल्याकडूनच गेले' असे छाती फुगवून सांगणारेही भेटतात. त्यांना माझ्या घरमालकीणबाई भेटावयास हव्यात.

या बाई सत्तरीच्या. सारा गाव त्यांना 'याय' म्हणतो; याय म्हणजे आजी. खांबांवरच्या लाकडी घराखाली त्यांचा हातमाग आहे, आणि परसातल्या खोलीत मी. २०२३ ची दिवाळी तेथे मी हौसेने करावयास घेतली. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजविले, रोज पाणी बदलले. तिसऱ्या दिवशी आंबूस वास परसात पसरला, तेव्हा परदेशी मास्तराला तांदूळ धड भिजविता येत नाही असे म्हणून याय ते ओतून देणार, ही मला भीती. त्या आल्या, वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "खनोम चीन करतोस होय?" खनोम चीन म्हणजे तेथल्या तांदळाच्या शेवया, त्यांचाही तांदूळ असाच आंबवितात. पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. गुळाऐवजी ताडाची साखर, खसखशीऐवजी तीळ, तुपाऐवजी तेल. पहिलाच अनारसा कढईत हसला, आणि दुसरा, तिसरा, सारेच हसले. मुलांनी तो चुरा मुठीमुठीने खाल्ला. काका म्हणतात ती दिवाळी ही असेल, तर त्यांचे म्हणणे मला कबूल आहे. ती नक्कलच होती. सामान जमवून सण होतो, असा माझा समज होता.

२०२४ च्या वैशाखात वडील गेले. उन्हाळ्याची सुट्टी असल्याने मी इंदुरात होतो, एवढे बरे. तेरावा करून परतलो तो शाळा सुरू होऊन गेलेली. गावाला बातमी कळली तेव्हा सर्वांना हळहळ वाटली ती निराळ्याच गोष्टीची. मृत्यू झालेल्या घराला त्या बोलीत 'चांगले घर' म्हणतात, आणि तेथे गावकरी रात्री जागत बसतात, गप्पा करतात, खेळही मांडतात. घरच्यांना एकटे पडू द्यावयाचे नाही एवढाच हेतू. माझे 'चांगले घर' मात्र अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर राहिले. "आम्ही तुझ्याजवळ बसलोच नाही," असे याय दोनतीनदा म्हणाल्या. भाद्रपदी पौर्णिमा आली. आपल्याकडे पितृपंधरवडा त्याच सुमारास लागतो, आणि इसानात त्या दिवशी खाओ साक असते. चिठ्ठ्या घालून भिक्षूंना अन्नदान करतात. आमच्या गावात चिठ्ठीवर गेलेल्या माणसाचे नाव लिहितात. यायने मला वडिलांचे नाव विचारले. मी चार वेळा उच्चारून दाखविले, त्यांच्या नातीने थाई लिपीत लिहून घेतले. शेवटचे अक्षर चुकले असावे, पण मी हरकत घेतली नाही.

त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला याबद्दल इकडे पंचांगकर्त्यांत वाद माजला होता; मला तो प्रश्न पडला नाही. दुःखाच्या वर्षी घरात तळण काढावयाचे नाही, आकाशकंदील टांगावयाचा नाही. फराळ येतो तो आप्तांच्या, शेजाऱ्यांच्या घरून. इंदुरात आईकडे आत्याचे ताट गेले होते. मी १ नोव्हेंबरला दुसऱ्या सत्राचा पहिला दिवस भरून खोलीवर आलो, निरांजन लावले आणि पाठ टेकली. मुलांना सकाळीच सांगितले होते, यंदा दिवाळी नाही. का नाही, तेही सांगितले.

सातच्या सुमारास परसात पावले वाजली. याय आणि गल्लीतल्या चार बाया. हातात क्रतिप, केळ्यांचा घड, आणि केळीच्या पानात बांधून उकडलेले खाओ तोम मत, म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट भात व आत केळे. तळलेले काही नाही. आमची रीत त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. मुलांनी घरी एवढेच सांगितले होते की, आज ख्रूच्या घरचा सण आहे आणि वडील गेल्यामुळे तो होणार नाही. त्या चटईवर बसल्या त्या दहापर्यंत. बोलणे फारसे झाले नाही. वडील काय करीत, असे एकीने विचारले. कापड गिरणीत हिशेब ठेवीत, असे मी सांगताच यायने मान वर केली. "कसले कापड?" आता मांजरपाटाला थाईत काय म्हणतात ते मला येईना, मग त्यांनी घरातून चार प्रकारचे तुकडे आणले आणि मी बोट ठेवून दाखविले.

त्या गेल्यावर आईला फोन लावला. इकडे साडेआठ वाजले होते. तिचा पहिला प्रश्न, "कुणाकुणाकडचं आलं?" जणू मी रामबागेतच राहात होतो. एकेक नाव सांगितले. मग म्हणाली, "भांडी रिकामी परत करू नकोस हं." लगेच अडखळली. "पण दुःखाच्या वर्षी साखर घालावी का रे? थांब, वन्संना विचारते." आत्याचा निर्णय पाच मिनिटांत आला: साखर नको, मूठभर तांदूळ चालतील. हे कोणत्या पोथीत आहे असे विचारण्याची आमच्या घरी पद्धत नाही. मी क्रतिपमध्ये मूठभर चिकट तांदूळ घालून ती परत केली. यायने झाकण उघडून पाहिले, काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तो तांदूळ त्यांनी आपल्या भिजवणात मिसळला, आणि पहाटे भिक्षू दारावरून गेले तेव्हा त्यांच्या पात्रात घातला.

माझे काकांशी व आतेभावाशी भांडण आहे ते येथे. काका सणाचे सामान मोजतात, भाऊ माणसे मोजतो. बँकॉकच्या समारंभाला माझा विरोध नाही. कंटाळलेली माणसे तेथे भेटतात, बोलतात, हेही काही कमी नाही. पण तीनशे माणसांच्या त्या दिवाणखान्यात कोणाचे ताट कोणाच्या घरी जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला कोणाचे भांडे परत करावयाचे नसते. मला २०२४ साली जी दिवाळी मिळाली, तीत मी स्वतः काहीच केले नव्हते. तरीही ती घरची होती, २०२३ च्या साऱ्या खटाटोपापेक्षा कितीतरी अधिक.

२०२५ ची दिवाळी तेथल्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आली म्हणून घरी येता आले. निघताना आईने यायसाठी एकवीस अनारसे डब्यात भरून दिले. एकही हसला नव्हता. मी परत पोहोचलो तोवर २४ ऑक्टोबरला राजमाता सिरिकित निवर्तल्या होत्या. शाळा उघडली ती काळ्या कपड्यांत. यायनेही काळी चोळी घातली होती. गोडाचा डबा दुःखाच्या घरी न्यावा की नाही, याचा विचार करीत मी दोन दिवस तो खोलीत तसाच ठेवला, आणि मग गतवर्ष आठवून माझी मलाच लाज वाटली. त्याच संध्याकाळी नेऊन दिला. यायने एक अनारसा मोडून खाल्ला, थोडा वेळ चघळला, आणि म्हणाल्या, "खनोम चीनचाच तांदूळ हा."

डबा चौथ्या दिवशी परत आला. आत मूठभर चिकट तांदूळ होते. ते अजून माझ्या फळीवर आहेत. त्यांचे काय करावे हे आत्याला विचारावयाचे राहून गेले आहे.