पक्की शाळा की पक्की भट्टी?

बालाघाट जिल्ह्यातल्या पालकांनो, गुरुजनांनो, पंच-सरपंचांनो,

25 जुलै 2025 ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावी, सरकारी शाळेचं छत कोसळलं. सात मुलं गेली. त्या दिवसापासून आपण प्रत्येकजण आपल्या गावच्या शाळेच्या छताकडे मान वर करून बघतो आहोत. पडकी छतं उतरवा, नव्या खोल्या बांधा, यावर आपल्यात दुमत नाही आणि ते पटवायला हे पत्रक काढलेलं नाही. पडक्या खोलीच्या जागी जी ‘पक्की’ खोली उभी केली जाते, तिच्याविरुद्ध हे पत्रक आहे.

ती खोली आपण ओळखतो. वर सिमेंटचा सपाट स्लॅब, नाहीतर नुसता पत्रा. तोंड रस्त्याकडे, मग रस्ता पश्चिमेला का असेना. खिडक्या एकाच बाजूला. पडवी पैशात बसली नाही म्हणून गाळलेली, झाडं पाया खणताना तोडलेली. लांजीला हीच खोली, कटंगीला हीच, बैहरलाही हीच. बैहरच्या डोंगरातली हवा वेगळी, वैनगंगेच्या काठची वेगळी. नकाशा मात्र एकच.

एप्रिलमधल्या एका दुपारी अशाच एका नव्याकोऱ्या खोलीत मी पालकांच्या बैठकीला बसलो होतो. खिडकीतून ऊन थेट अंगावर येत होतं, म्हणून खिडक्या लावल्या. अंधार झाला, म्हणून ट्यूबलाइट लावले. घुसमट झाली, म्हणून पंखे लावले आणि पंख्यांनी स्लॅबखालची गरम हवा आमच्या डोक्यावर ढकलली. सूर्य डोक्यावर असताना दिवे जाळायला लावणारी ही इमारत! समोरच्या घरात, दीड हात मातीच्या भिंतीआड, कवेलूंच्या सावलीत एक आजी तांदूळ निवडत बसली होती. तिच्या घरात पंखा बंद होता.

यात जादू नाही. स्लॅब सकाळपासून ऊन पितो आणि दुपारी ते खाली ओततो. जाड मातीची भिंत ऊन आत यायला वेळ लावते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. आपल्या राज्यात शाळेचं नवं सत्र 1 एप्रिलला सुरू होतं. पहिलीचं पोर आयुष्यातलं पहिलं अक्षर गिरवतं, तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शाळेला सर्व ऋतूंत चालेल अशी इमारत हवी म्हणतो. उन्हाळा हा ऋतू नाही का?

आता पैशाचा हिशोब मांडू. दहा खोल्या, खोलीत चार पंखे, प्रत्येक 75 वॅटचा. दिवसाला सहा तास आणि वर्षाला 220 दिवस चालले तर 3960 युनिट. तेच पंखे नव्या, 30 वॅटच्या बीएलडीसी जातीचे घेतले तर 1584. वाचले 2376. खोलीत जुने चार ट्यूबलाइट, चोकसकट 50 वॅट धरले, तर भरदिवसा वर्षाला 2640 युनिट जळतात. खिडक्या योग्य जागी असत्या तर यातले बहुतेक लागलेच नसते. युनिटला सात रुपये धरा. पंखे आणि दिवे मिळून वर्षाला पस्तीस हजारांपर्यंत. इमारत चाळीस वर्षं उभी राहिली तर चौदा लाखांपर्यंत, चुकीच्या जागी खिडकी ठेवल्याचा आणि चुकीचा पंखा घेतल्याचा दंड! ज्या शाळेत पंखेच नाहीत, तिथे हा दंड पोरं घामाने भरतात. त्याची पावती कोणी फाडत नाही.

हे बदला म्हटलं की जी उत्तरं मिळतात, ती आता ऐका.

“खर्च वाढतो.” खोलीचं तोंड फिरवायला किती पैसे लागतात? खिडकी समोरच्या भिंतीत काढायला? स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यायला? चुना ऊन परत फेकतो, खोली दोन-चार अंशांनी उतरते.

“कवेलू माकडं फोडतात, दरवर्षी फेरावे लागतात.” खरं आहे. म्हणून कवेलूच घाला असा हट्ट नाही. ऊन अडवा आणि हवा खेळू द्या, एवढंच म्हणणं आहे.

“आम्ही झाडाखाली शिकलो, आमचं काय बिघडलं?” काही बिघडलं नाही, कारण झाडाखाली सावली होती, वारा होता. तुमच्या पोरांच्या शाळेतलं तेच झाड तुम्ही तोडू दिलंत.

“गरिबांच्या पोरांना पुन्हा मातीत बसवता?” या बोलण्याची मला सर्वांत जास्त चीड येते. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत, गांदो नावाच्या खेड्यात, त्याच गावच्या फ्रान्सिस केरे यांनी 2001 मध्ये मातीच्या विटांची प्राथमिक शाळा बांधली. पत्रा भिंतींवर न टेकवता उंच उचलला, खाली विटांचं फटींचं छत घातलं. तापलेली हवा मधून निघून जाते. 2022 मध्ये त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला जगातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळाला. आपल्या जिल्ह्याची निम्म्याहून अधिक जमीन जंगल आहे, बांबू आहे, माती आहे, भिंत रचणारे हात आहेत. मागासलेपण मातीत नाही. पोरांना भाजून निघू देऊन त्याला ‘पक्कं’ म्हणण्यात आहे.

आणि हे थांबवणं आपल्या हातात आहे. त्याच शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. पुढच्या बैठकीत कोऱ्या कागदावर सही करू नका. आधी हे लिहून घ्या:

1. इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला, खिडक्या समोरासमोर, पश्चिमेची भिंत बंद आणि जाड.
2. दक्षिणेला रुंद पडवी. ती गाळली तर खोली मंजूर नाही.
3. स्लॅबवर पांढरा चुना. पत्रा असेल तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत आणि मधून हवेला वाट.
4. नवे पंखे आणि दिवे कमी विजेचेच.
5. उभं झाड तोडायचं नाही. नकाशा झाडाभोवती वळवायचा.

आणि खोली ताब्यात घेण्याआधी समितीने एप्रिलच्या दुपारी दोन वाजता, पंखे बंद करून, तिच्यात तासभर बसावं. मुलांना वर्षभर बसवायचं आहे तिथे मोठ्यांना तासभर बसवलं नाही, तर खोली पास झाली असं कोणीही म्हणू नये.