टोकन नंबरने हाक मारा

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंच्या गळ्यातली मंगळपोत मोटारसायकलवरच्या दोघांनी ओरबाडून नेली. जळगावकरांना यात नवल वाटणार नाही. सोन्याचे गाव म्हटले की सोन्यावर डोळा असणारेही आलेच. मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. चार दिवसांत ती मोटारसायकल कोणत्या टपरीसमोर उभी असते हे दूधवाल्याला कळले होते, इस्त्रीवाल्याला कळले होते, आणि त्या दोघांकडून मलाही. कळले नव्हते ते फक्त पोलिसांना.

वाचक विचारतील, मग तुम्ही का नाही गेलात ठाण्यावर? खरे उत्तर द्यायचे तर, सकाळी त्याच रस्त्याने मलाही फिरायला जायचे असते. ११२ ला फोन करावा तर तिकडे आपला नंबर दिसतो. ठाण्यात जावे तर बाकावर बसलेल्या चौघांपैकी एक तरी ओळखीचा निघतो आणि 'साहेब, तुम्ही इकडे कसे?' म्हणतो. संध्याकाळपर्यंत ती बातमी टपरीवर पोहोचते. आपली गावे मोठी झाली, पण इतकी मोठी नाही झाली.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत एकाने कल्पना मांडली. दर घरामागे दोनशे रुपये गोळा करावेत, निधी उभारावा, आणि गुन्ह्याची खरी माहिती देणाऱ्याला त्यातून बक्षीस द्यावे. नाव अर्थात गुप्त. निवृत्त हेडमास्तर ताडकन म्हणाले, "म्हणजे चुगलीला पगार!" बराच वेळ वाद झाला. शेवटी 'हे बँकेत होते, शिवाय लिहितातही', म्हणून नियमांचा कागद तयार करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

हेडमास्तरांचा शब्द मात्र डोक्यातून जाईना. खरेच, सांगणाऱ्यासाठी आपल्या भाषेत चांगला शब्द तरी कुठे आहे? चुगली, चहाडी, कान भरणे, लावालावी, खबऱ्या. त्यातल्या त्यात प्रतिष्ठेचा शब्द 'साक्षीदार', पण साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे राहून बापाच्या नावासकट आपले नाव सांगावे लागते. आमच्याकडे माणूस काही सांगायला आला की आधी अहिराणीत एवढेच म्हणतो, "मन्हं नाव लेऊ नका."

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती आजवर मी कुठल्या कादंबरीतही घातली नाही.

साल १९८९. मी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, म्हणजे नंदुरबार वेगळे होण्याआधीच्या, एका तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. सोनेतारण कर्जाचे काम भरपूर. एके दिवशी शाखेच्या पत्त्यावर एक अंतर्देशीय पत्र आले. मजकूर दोन ओळींचा : सोनेतारणाच्या पाकिटांतल्या पाटल्या एकदा घासून बघाव्यात. खाली सही, 'एक हितचिंतक'. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावले. मला वाटले, आता तिजोरी उघडायची. त्यांनी पुढे सरकवली ती कर्मचाऱ्यांच्या रजेच्या अर्जांची फाइल. "अक्षर कोणाचं वाटतं, बघा."

रोज शेकडो व्हाउचरे डोळ्यांखालून जात असल्यामुळे शाखेतल्या प्रत्येकाचे अक्षर मला पाठ होते. त्या पत्रातला 'ळ' बघताक्षणी ओळखू आला. "दफ्तरींचं वाटतं," मी म्हणालो. एवढेच. एक मिनिटसुद्धा लागले नाही. वरिष्ठांनी विचारले आणि मी हुशारी दाखवली.

दोन महिन्यांत दफ्तरींची बदली लांब विदर्भात झाली. घरी म्हातारी आई, मुलगी दहावीला. पाटल्या घासून बघितल्या गेल्या त्या दीड वर्षाने, तपासणीला बाहेरचे अधिकारी आले तेव्हा. कित्येक पाकिटांत पितळेवर सोन्याचा मुलामा निघाला. पुढे दहा वर्षांनी धुळ्याच्या एसटी स्टँडवर दफ्तरी भेटले. "साहेब, चहा घेऊ," म्हणाले आणि पैसेही त्यांनीच दिले. मुलीचे लग्न झाल्याचे सांगितले. त्यांना ठाऊक होते की नाही, हे मला आजही कळलेले नाही, आणि विचारण्याचा धीर तेव्हाही झाला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बँकेतल्या नोकरीत मी जी निनावी पत्रे पाहिली, त्यांतली बहुतेक द्वेषाने लिहिलेली होती. कोणाचे प्रमोशन अडवायचे, कोणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायचे. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असे फर्मान काढले, तेव्हा आमच्यापैकी पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला होता. मीही सोडला. पण मग खरे सांगणाऱ्याने जायचे कुठे? नाव घालून लिहायचे तर सत्येंद्र दुबे आठवतात. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार या तरुण इंजिनिअराने पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तो लुटीच्या प्रयत्नात झाला असे तपासात आणि न्यायालयात ठरले, पण 'माझे नाव फोडू नका' ही साधी विनंती सरकार पाळू शकले नाही, हे काही त्यामुळे पुसले जात नाही. दुसऱ्याच वर्षी केंद्राला अशा तक्रारदारांची नावे जपण्यासाठी ठराव करावा लागला.

बक्षीस आणि गुप्तता यांची सांगड नीट घातली गेली ती अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्क शहरात. १९७६ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या तरुण विद्यार्थ्याला गोळी घालून मारले. आठवडे गेले, धागा सापडेना. ग्रेग मॅक्लीस नावाच्या डिटेक्टिव्हने तो प्रसंग टीव्हीवर नाट्यरूपाने दाखवायला लावला आणि आवाहन केले : नाव सांगू नका, फक्त माहिती सांगा, बक्षीस मिळेल. कोणीतरी फोन करून एका गाडीबद्दल सांगितले आणि थोड्याच दिवसांत दोघे पकडले गेले. लोक गप्प बसतात ते भीतीने किंवा 'मला काय त्याचे' म्हणून. पहिल्यावर गुप्तता आणि दुसऱ्यावर पैसा, असा त्याचा साधा हिशेब होता. बक्षिसाचा पैसा सरकारचा नव्हता, गावातल्या लोकांच्या देणग्यांचा होता. 'क्राइम स्टॉपर्स' नावाने ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. ब्रिटनमध्ये ती १९८८ पासून आहे, आणि तिथला अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. माहिती देणाऱ्यांपैकी बक्षीस घ्यायला फार थोडे येतात. म्हणजे माणसाला हवी असते ती नाव झाकण्याची खात्री. पैसा नंतर.

ती पद्धत वाचताना मला आमचे पितळी टोकन आठवले. कॉम्प्युटर येण्याआधी ज्यांनी बँकेतून पैसे काढले आहेत त्यांना ते आठवत असेल. चेक दिला की कारकून एक गोल टोकन हातात ठेवी, त्यावर आकडा कोरलेला. मग बाकावर बसून राहायचे. कॅशियर जाळीआडून ओरडे, "सत्तेचाळीस!" किती रुपये आणि कोणाचे, हे बाकावरच्या इतरांना कळण्याचे कारण नव्हते. क्राइम स्टॉपर्समध्येही हेच. फोन करणाऱ्याला नंबर मिळतो, पुढचे सगळे बोलणे त्या नंबरावर. बऱ्याच ठिकाणी बक्षीसही बँकेच्या खिडकीवर नंबर सांगून रोख उचलायचे असते.

आपल्याकडे असे काही झालेच नाही असे नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ चा. तरी २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८८० मुली होत्या, आणि २०११ मध्ये ८४२. हा गुन्हा असा की खोलीत जेवढे लोक असतात ते सगळे राजीखुशीने असतात. फिर्यादी कोण होणार? जी फिर्यादी झाली असती ती जन्मलेलीच नाही. म्हणून शासनाने 'आमची मुलगी' ही हेल्पलाइन काढली, खबर देणाऱ्याला आधी २५ हजार आणि नंतर एक लाख रुपयांचे बक्षीस ठेवले. रक्कम लहान नाही. ओळखीच्या एका दवाखान्यातल्या आयाबाईंना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी लुगड्याला हात पुसत विचारले, "दादा, बक्षिसाचा चेक कोणाच्या नावाने निघतो?"

पस्तीस वर्षे बँकेत काढून हा प्रश्न मला सुचला नव्हता. चेक नावाने निघाला की तो लिहिणारा एक, पास करणारा दुसरा, खात्यावर जमा करणारा तिसरा. आणि प्रत्येकाला मेव्हणा असतो. १९९४ मध्ये जळगावचे लैंगिक शोषणाचे प्रकरण उघड झाले तेव्हाही हीच अडचण होती. पीडित मुलींपैकी कित्येक जणी नाव बाहेर येण्याच्या भीतीने तक्रारीला पुढे आल्याच नाहीत. आणि उघड झाल्यावर मात्र जो तो म्हणे, आम्ही ऐकून होतो.

आता राईनपाडा. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय खान्देशात बसून या विषयावर लिहिता येणार नाही. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावाचा आठवडी बाजार. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना 'मुले पळवणारी टोळी' समजून जमावाने ठेचून मारले. मोबाइलवर फिरणारी ती अफवाही निनावीच होती. म्हणून आमच्या बैठकीत एकाने विचारले ते अगदी रास्त होते : उद्या तुमच्या निधीने असेच एखादे प्रेत पाडले तर?

मी यावर पुष्कळ विचार केला. राईनपाड्यात घात झाला तो अफवा ज्यांच्या हाती गेली त्यांच्यामुळे. त्यांच्याकडे काठ्या होत्या, पडताळून पाहण्याची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती. आमच्या शाखेतल्या त्या पत्रावरही हेच करता आले असते. पाटली घासायला कसोटीचा दगड होता, सराफ होता, अर्ध्या तासाचे काम. पाटली खरी निघाली असती तर पत्र फाडून टाकायचे होते; कोणाचेच नुकसान नव्हते. म्हणून कागदात पहिला नियम मी असा घातला की माहिती कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार नाही, मंडळाच्या बैठकीत वाचली जाणार नाही; ती पेटीतून थेट तपास अधिकाऱ्याकडे. तिचा उपयोग पुरावा म्हणून नाही, पुरावा शोधायला कुठे जायचे एवढ्यापुरता. खबर कोठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२५ व्या कलमातच होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही ही तरतूद राहिली आहे.

दुसऱ्या नियमावर बायकांचा आग्रह होता आणि त्यांचे बरोबर होते. कोणत्या गुन्ह्यांची माहिती घ्यायची ते आधीच लिहून ठेवायचे. चोरी, पोत ओरबाडणे, लिंगनिदान, गिरणेची वाळू रात्री कोणाच्या ट्रॅक्टरने जाते ते. नाहीतर पेटीत पहिल्याच आठवड्यात कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली याच्या चिठ्ठ्या भरतील. आपण आपल्या गावाला ओळखून आहोत.

रकमेवरून थोडी खडाखडी झाली. एक जण पन्नास हजार म्हणत होते. मी पाच हजारांवर अडून बसलो. मोठ्या रकमेच्या वासाने खोटे सांगणारे येतात, आणि निकालापर्यंत थांबवायचे तर बक्षीस नातवाला द्यावे लागेल. दोषारोपपत्र दाखल झाले की रक्कम मोकळी करायची, रोखीने, लिफाफ्यात, नंबर सांगणाऱ्याच्या हातात. हेडमास्तरांना तरीही ते पटलेले नाही. कर्तव्याचे पैसे घ्यायचे नसतात, असे त्यांचे म्हणणे. असेल. पण दफ्तरींनी त्यांचे कर्तव्य फुकट केले होते, आणि त्याचे बिल त्यांनाच भरावे लागले.

परवाच्या बैठकीत कागद वाचून झाला. पेटी, नंबर, लिफाफा, सगळे मान्य झाले. मग विषय निघाला, पेटीची किल्ली कोणाकडे ठेवायची? चिठ्ठ्या हाताने लिहिलेल्या असणार, तेव्हा गावात फारशा ओळखी नसलेला, तोंडाचा घट्ट माणूस हवा. सगळे माझ्याकडे बघू लागले. बँकेतले विश्वासाचे माणूस.

"माझ्याकडे नको," मी म्हणालो, आणि कॉलनीत दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या, बऱ्हाणपूरकडच्या एका बाईंचे नाव सुचवले. कारण कोणी विचारले नाही.