ज्ञानगंगा आणि टँकर

शहापूर तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत गेल्या महिन्यात वाद झाला. वाद तहसीलदारांना द्यावयाच्या निवेदनातील एका कलमाचा होता. डोळखांब परिसरातील मुलामुलींसाठी पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय शासनाने परिसरातच करावी, असे ते कलम. त्यावर आपल्यातीलच एका सुशिक्षित मित्राने हरकत घेतली. ते म्हणाले, "ही मागणी आता जुनी झाली. मुक्त विद्यापीठ आहे, मोबाइल आहे. ज्याला शिकायचे तो घरबसल्या पदवीधर होतो. इमारत आणि प्राध्यापक मागून सरकारला उगाच खर्चात कशाला घालायचे?" दोघातिघांनी माना डोलावल्या आणि कलम तूर्त बाजूला ठेवण्यात आले. ते बाजूला ठेवले गेले म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

सरकारच्या खर्चाची काळजी समाजवाद्याने वाहावी, हा प्रकार मला नवा आहे. तथापि मित्राच्या हेतूविषयी मला शंका नाही. 'घरबसल्या' हा शब्द त्यांनी ज्या सहजतेने वापरला, त्या सहजतेला मात्र माझा आक्षेप आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर डोळखांबला मूळ घरी परत आलो आणि काही वर्षे एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून काम केले. केंद्राचे आणि विद्यापीठाचे नाव मी येथे घेत नाही, कारण मी जे पाहिले ते एकाच दारचे नव्हते.

दूरशिक्षणाला मी विरोध करतो आहे, असा समज होऊ नये. तो समज करून देणारे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. बहिःस्थ विद्यार्थी म्हटला की नाक मुरडायचे, मुक्त विद्यापीठाची पदवी म्हटली की डोळे मिचकावायचे, ही प्राध्यापकी सवय मी जवळून पाहिली आहे. अशा पदव्या नियमित पदव्यांशी समकक्षच मानाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाला २०२२ साली पुन्हा एकदा बजावून सांगावे लागले, यातच त्या सवयीचे मोजमाप आहे. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या भुवया काही परिपत्रकाने खाली येत नाहीत.

वस्तुतः ही कल्पना आपल्याच विचारांच्या घराण्यातली आहे. ब्रिटनमध्ये विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन केले. त्यासाठी मंत्रिमंडळात आणि बाहेर झगडली ती जेनी ली, स्कॉटलंडमधील एका कोळसा खाणकामगाराची मुलगी. कामगाराला दुय्यम दर्जाचे काही द्यायचे नाही, हा तिचा आग्रह होता. म्हणून तेथे टपालाने येणाऱ्या पुस्तकांबरोबर स्थानिक अभ्यासकेंद्रे आली, प्रत्येक गृहपाठावर लेखी शेरा देणारे शिक्षक आले आणि उन्हाळ्यात आठवडाभराची निवासी शिबिरेही आली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८२ साली आंध्रात, १९८५ साली केंद्राच्या पातळीवर आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. मराठीतून, शिकणाऱ्याशी बोलल्यासारखी पाठ्यपुस्तके लिहून घेण्याचा जो खटाटोप तेथे झाला, तसा आमच्या जुन्या विद्यापीठांनी शंभर वर्षांत केला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. शाळा सुटलेल्यांसाठी तेथे पूर्वतयारी शिक्षणक्रम निघाला. आमच्या भागातील एक अंगणवाडी सेविका त्या वाटेने चाळिशीत पदवीधर झाली. दहावी नापासाचा शिक्का पंचवीस वर्षे अंगावर वागवलेल्या त्या बाईने पदवीदान समारंभाचा फोटो देवघराशेजारी लावला आहे. त्या फोटोची टिंगल करणाऱ्याशी मला बोलायचे नाही.

पण त्या फोटोचा दाखला देऊन जे 'आता कॉलेज कशाला?' असे विचारतात, त्यांच्याशी बोलणे भाग आहे.

आमच्या एका विद्यार्थिनीची हकिकत सांगतो. आजोबा डोंगराच्या अंगाला तिचा पाडा, डोळखांबच्या रस्त्यापासून तासभर पायवाटेने. वडील दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जाणारे. बारावी झाल्यावर शहापूरच्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला असता. पण वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि रोजचे जाणे-येणे एसटीच्या वेळांत बसेना. म्हणून २०१९ साली तिने दूरशिक्षणाने बी.ए.ला नाव घातले. 'घरबसल्या' या शब्दाचा अर्थ तिला तीन वर्षे पुढीलप्रमाणे कळला.

पहिल्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपली तेव्हा निम्मी पुस्तके हाती आली होती. उरलेली तिने तालुक्याला जाऊन झेरॉक्स करून घेतली. संपर्कसत्र रविवारी सकाळी दहाला. रविवारी सकाळची गाडी हमखास येईल असे नाही, म्हणून जीपची वाट पाहायची. ती भरल्याशिवाय सुटत नाही. ती पोचेपर्यंत समंत्रक हजेरीचा कागद आवरत असे. तो समंत्रक बहुतेक वेळा मीच होतो, कारण मलाही परतीची गाडी धरायची असे! पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सत्रे मोबाइलवर गेली. घरात एकच मोबाइल होता, तो भावाकडे, आणि भाऊ भिवंडीच्या गोदामात. तो रात्री घरी आला की पाड्यामागच्या टेकाडावर चढून ध्वनिचित्रफीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकायची, असा तिचा वर्ग. तिसऱ्या वर्षी, २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. संपकऱ्यांची बाजू आपण घेतली होती आणि ती योग्यच होती. पण त्या काळात डोळखांबची पोरे तालुक्याला कशी जात होती, याची विचारपूस आपल्यापैकी किती जणांनी केली?

तरीही ती २०२२ साली शेवटच्या परीक्षेला बसली. निकाल लागला तेव्हा एका विषयापुढे 'गैरहजर' असे छापलेले होते. ती हजर होती, उत्तरपत्रिकेचा क्रमांक तिच्यापाशी होता. केंद्राने विद्यापीठाकडे बोट दाखवले, विद्यापीठाने केंद्राचे पत्र मागितले, पत्र गेले तर त्यावर शिक्का नव्हता. ती चार वेळा गेली, एकदा माझ्याबरोबर. प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. चूक दुरुस्त झाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. त्या वर्षीच्या तलाठी भरतीचे अर्ज जुलैत संपले होते आणि त्यासाठी पदवी हवी होती. नियमित महाविद्यालयातील मुलगी अशा वेळी कार्यालयाच्या खिडकीशी रोज उभी राहते, वर्गशिक्षकाला गाठते, चार मैत्रिणी घेऊन प्राचार्यांच्या दारात बसते. दूरशिक्षणात दारच दूर असते. मला ती एवढेच म्हणाली, "सर, मी पेपर दिला होता हे मलाच आता खोटं वाटाय लागलंय." सध्या ती भावाबरोबर गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावते.

आता माझ्याही वाट्याची कबुली. गृहपाठाला गुण असतात. शिकणारा आणि शिकवणारा यांची गाठ पडावी ती तेथे. प्रत्यक्षात तयार उत्तरांचे गठ्ठे झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, मुले ते उतरवून काढतात आणि आम्ही त्यांवर गुण देतो. मी एका दुपारी चाळीस वह्या तपासल्या आहेत. तपासल्या म्हणजे पाने उलटली. मानधन इतके तुटपुंजे की तेवढ्यात एवढेच होणार, असे स्वतःला समजावले. एका वहीत माझ्याच जुन्या टिपणातील एक चूक जशीच्या तशी उतरलेली सापडली, तेव्हा मी वही मिटून बाहेर जाऊन चहा घेतला. हे विद्यार्थ्यांच्या आळसाचे उदाहरण म्हणून कोणी सांगू लागला तर त्याला थांबवा. ज्या गृहपाठावर कधीच शेरा येत नाही, तो मन लावून लिहिणारा विद्यार्थी वेडा ठरतो.

आता खर्चाकडे वळू, कारण मित्राचा मूळ मुद्दा खर्चाचा आहे. दूरशिक्षण स्वस्त असते, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे. पाठ एकदा लिहिला, छापला की विद्यार्थी दहा हजार असोत वा लाख, दरडोई खर्च उतरत जातो. हे मी स्वतः फळ्यावर आलेख काढून शिकवले आहे. त्या आलेखात एक गोष्ट नसते. इमारत, दिवा, ग्रंथालय, शिक्षकाची वेळ हा जो खर्च संस्थेच्या वहीतून वजा झाला, तो नाहीसा होत नाही. तो मुलीच्या बुडालेल्या मजुरीत, जीपच्या भाड्यात, झेरॉक्सच्या बिलात आणि मोबाइलच्या रिचार्जमध्ये जाऊन बसतो. खर्च कमी होत नाही, त्याचा धनी बदलतो.

आणि धनी कोण होतो ते पाहा. अनुदानित महाविद्यालयात माझा पगार शासनाच्या तिजोरीतून येत होता. माझ्या वर्गात बसणारा व्यापाऱ्याचा मुलगा त्या अनुदानाचा वाटेकरी होता. मुक्त विद्यापीठांच्या उत्पन्नाचा मोठा भाग मात्र विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो. म्हणजे वर्ग, बाक आणि प्राध्यापक ज्याला मिळतात त्याचा खर्च समाज उचलतो आणि ज्याला यातले काहीच मिळत नाही तो आपला खर्च आपण उचलतो. २०२४ साली राज्य शासनाने ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींना शुल्कमाफी दिली, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. दूरशिक्षणाने बी.ए. करणारी पाड्यावरची मुलगी त्या आनंदोत्सवात कोठे होती? रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली. तिला आता दीडशे वर्षे होत आली.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, उच्च शिक्षणातील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांची सोय पत्रद्वारा आणि सायंकालीन शिक्षणाने करावी. दोन, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणावर खर्चावा. राज्यकर्त्यांनी पहिली सूचना आनंदाने उचलली, दुसरी आजतागायत पाळलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २०१८ मधील २६.३ टक्क्यांवरून २०३५ पर्यंत पन्नास टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे आणि त्यासाठी दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणावर मोठी भिस्त ठेवली आहे. नोंदणी वाढेल यात शंका नाही, कारण नाव नोंदवण्याला फारसा खर्च येत नाही. पाड्यावरची मुलगी त्या आकड्यात २०१९ सालीच मोजली गेली होती.

नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. ब्रीद सुंदर आहे. पण आमच्या तालुक्यात हे शब्द ऐकताना माणूस जरा दचकतो. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. मग वैतरणेचे गेले, भातसाचे गेले. त्या धरणांच्या तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो, कधी दोन दिवसांनी, आणि त्याच्या पाइपाभोवती बायकांची भांडणे होतात. गंगा मुंबईच्या घरोघरी आणि आम्हाला टँकर, हा न्याय पाण्याच्या बाबतीत आपण कधी मान्य केला नाही, त्यासाठी मोर्चे काढले. शिक्षणाच्या बाबतीत तोच टँकर आला, तर आपल्यातलेच लोक त्याला प्रगती म्हणू लागले आहेत!

दूर असलेल्या माणसाला शिकवायचे तर शिकवणाऱ्याने जवळ जावे लागते, हे याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी करून दाखवले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. ती त्यांची कुरणशाळा. बोर्डी-कोसबाडच्या त्या बायांकडे ना उपग्रह होता ना मोबाइल.

म्हणून माझे म्हणणे असे. कलम परत घ्यावे आणि अधिक नेमके करून घ्यावे. डोळखांबला स्वतंत्र महाविद्यालय होईल तेव्हा होवो, पण आज दूरशिक्षणाच्या नावावर जी मुले आहेत त्यांच्यासाठी येथेच रात्री नऊपर्यंत उघडे, दिवा आणि इंटरनेट असलेले अभ्यासकेंद्र हवे. त्यावर पूर्ण पगाराचा किमान एक शिक्षक हवा, माझ्यासारखा मानधनावरचा म्हातारा नको. परीक्षाकेंद्र येथेच हवे. आदिवासी आणि भूमिहीन विद्यार्थ्यांचे शुल्क शासनाने थेट विद्यापीठाला द्यावे. निकालातील चूक विद्यापीठाने तीस दिवसांत दुरुस्त करावी आणि तोपर्यंत त्याने दिलेला तात्पुरता दाखला नोकरभरतीत ग्राह्य धरावा. यांतील शेवटच्या मागणीला एक पैसा लागत नाही, तेव्हा खर्चाची चिंता असणाऱ्या मित्राने तिचे सूचक व्हावे.

आणखी एक काम निवेदनाने होणार नाही, ते शाखेनेच करावयाचे आहे. डोळखांब, शेणवे, किन्हवली या पट्ट्यात दूरशिक्षणाला नाव घातलेली मुले किती, त्यांतील किती शेवटच्या वर्षापर्यंत पोचली, किती जणांचे निकाल अडले, याची घरोघर फिरून यादी करावी. भातलावणी संपली की मुले घरी सापडतात. दिवाळीनंतर गेलात तर अर्धी भट्टीवर असतील.

मसुदा मी तालुका शाखेकडे पाठवला आहे. पुढच्या बैठकीत हा विषय आरंभीच घ्यावा, ही विनंती. डोळखांबची शेवटची गाडी गेल्या वेळी चर्चा चालू असतानाच सुटली होती.